ॲव्हरेज कमी झालं? पंपाला सगळ्यात शेवटी हात लावा

(वाचकांच्या गाड्यांच्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताईंचं इंदूरला लोहा मंडीच्या बाजूला पंप-नोझल, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते आत फवारणारी नोझल, यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा मसाल्यांचा घरगुती कारखाना आहे. गाडी २००९ मॉडेलची डिझेल पिकअप, टर्बोवाली, पण पंप जुन्या पद्धतीचा, मेकॅनिकल. गाडी वडिलांच्या हातची आहे. आधी शहरात आणि उज्जैन-देवासला माल पोचवायचो, तेव्हा लिटरला बारा मिळायचे. गेल्या वर्षापासून मिरची इथल्याच सियागंज बाजारातून न घेता थेट नर्मदेपलीकडच्या बेडियाच्या मंडीतून आणतो. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर पडतात. आता ॲव्हरेज साडेआठवर आलंय.
सर्व्हिसिंग झालं आहे. ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर सगळं नवं. टायर गुळगुळीत झाले होते म्हणून चारही बदलले. आधी २१५/७५ आर १५ होते, टायरवाल्याकडे २३५/७५ आर १५ चांगल्या भावात मिळाले, ते टाकले. उन्हाळ्यात भेरूघाट चढताना गाडी गरम व्हायची, म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. तेव्हापासून काटा वर सरकतच नाही, ती कटकट मिटली. पोती जास्त बसावीत म्हणून हौद्यावर अँगलचा उंच सांगाडा करून ताडपत्री घातली आहे.
मिस्त्री म्हणतो, पंप-नोझल करावंच लागेल, वीस-बावीस हजार धरून चाला. धाकटा भाऊ म्हणतो, ड्रायव्हर डिझेल काढतोय. ड्रायव्हर वडिलांच्या वेळचा आहे, त्याला असं कसं विचारायचं? तुम्ही सांगाल तसं करतो.
— मसालेवाले वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : दादा, माझं पोट पंप-नोझलवर चालतं, तरी सांगते, ते वीस-बावीस हजार तूर्त खिशातच राहू द्या. ॲव्हरेज खाणाऱ्या चार गोष्टी तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवल्या आहेत आणि त्यातली एकही पंपात नाही. गाडीचं नाव तुम्ही कळवलंत, मी मुद्दाम छापू दिलं नाही. त्या काळच्या मेकॅनिकल पंपाच्या कुठल्याही पिकअपला हे सगळं लागू पडतं.

पहिली गोष्ट टायर. मीटर बिचारा रस्ता मोजत नाही, तो फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे कंपनीने टायरची साइज बघून एकदाच ठरवून दिलेलं असतं. २१५/७५ आर १५ चा घेर गणिताने २२१ सेंटीमीटरच्या आसपास येतो, २३५/७५ चा २३० च्या. म्हणजे दर फेऱ्याला नऊ सेंटीमीटर रस्ता मीटरच्या नकळत मागे पडतो. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. तुमचे साडेआठ मुळात पावणेनऊच्या थोडे वरच आहेत. ही तूट नुसती कागदावरची, तेवढं डिझेल कुणी प्यायलेलंच नाही.

विश्वास बसत नसेल तर अंगणात करून बघा. स्टेपनी जुन्याच साइजची असणार, कारण चारच टायर बदललेत. गाडी सपाट फरशीवर घ्या. मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथे टायरवर खडूची रेघ मारा आणि तीच रेघ खाली फरशीवर उतरवा. मग दोघांनी हळूहळू गाडी ढकलायची. टायरवरची रेघ एक फेरा करून पुन्हा बरोबर खाली आली की फरशीवर दुसरी खूण करायची आणि टेप लावायचा. नंतर स्टेपनी चढवून हेच परत करायचं. वजनाने टायर दबतो, त्यामुळे आकडे मी दिले त्यापेक्षा काही सेंटीमीटर कमी येतील, पण दोघांतला फरक डोळ्यांना दिसेल. माप झालं की चाक परत बदला, एका ॲक्सलवर दोन साइज ठेवून रस्त्यावर जाऊ नका.

टायरची दुसरी बाजू मात्र कागदावरची नाही. मोठ्या चाकाने गाडी प्रत्येक गियरमध्ये जड होते. सपाटीवर ते कळत नाही, पण चढणीवर जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. शिवाय चांगल्या भावात मिळालेले हे टायर बहुधा जीपगाड्यांचे असावेत. मालवाहू टायर वेगळे असतात, त्यांच्या कडेवर भाराचा आकडा मोठा असतो आणि त्यांना हवाही पुष्कळ जास्त लागते. टायरवाले सगळ्यांना एकाच मापाने ३५ भरून मोकळे होतात. कारला ते ठीक. पोती लादलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला ३५ म्हणजे अर्धपोटी. टायरच्या कडेवर काय लिहिलंय आणि गाडीच्या पुस्तकात भरल्या गाडीला किती सांगितलंय, हे दोन्ही वाचा. कडेवरचा भार पुस्तकापेक्षा कमी असेल तर तो टायर घाटात नकोच. तिथे ॲव्हरेजचा विषय संपतो आणि जिवाचा सुरू होतो.

आता रस्ता. इंदूर मालव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. नर्मदेचा काठ त्याच्या पावणेचारशे-चारशे मीटर खाली. रिकामी गाडी उतरते आणि भरलेली वर येते. गाडी आणि माल मिळून पावणेतीन टन धरा. एवढं वजन पावणेचारशे मीटर उचलायला लागणारी शक्ती आणि डिझेलमधली जी चाकापर्यंत पोचते ती शक्ती (साधारण तीस टक्के, बाकी सगळी धुरात आणि रेडिएटरमध्ये जाते) यांचा हिशेब मांडला तर फक्त उंची चढायलाच जवळजवळ एक लिटर लागतं. घाटात बोगदे झाले तरी उंची तेवढीच चढावी लागणार. सपाटीवर बाराची गाडी असली तरी बेडियाच्या फेरीला ती सव्वाअकरापर्यंतच जाईल. त्यात वळणं, खालचे गियर, सिमरोलच्या आधीची गर्दी. मी तुमच्या जागी असते तर या फेरीला साडेदहा-अकरा मिळाले की गप्प बसले असते. उज्जैनच्या बाराशी बेडियाची तुलना करून मिस्त्रीला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

उतारावर तुमचा ड्रायव्हर काय करतो ते मात्र विचारा. पुष्कळजण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. खरं उलट आहे. गाडी गियरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मेकॅनिकल पंपाचा गव्हर्नर (वेग बघून डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल जवळजवळ तोडून टाकतो, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या दमावर चालावं लागतं, मग ते पितं. आणि नुसत्या ब्रेकवर घाट उतरणाऱ्या गाड्यांचं काय होतं ते या भागात कुणाला सांगायला नको.

आता थर्मोस्टॅट. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत हा काढून टाकलेला सर्रास सापडतो आणि मालकाला वाटतं कटकट मिटली. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी इंजिनातच फिरवतो. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८० च्या आसपास, तो उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. काढून टाकलात की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला मिरचीला निघालेली गाडी बडवाह येईपर्यंत धड तापतच नसेल. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, आणि न जळलेलं डिझेल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काटा खाली राहणं हे इंजिनाच्या तब्येतीचं लक्षण नाही हो, तो मधोमध राहायला हवा.

ऑइलचा गज काढून वास घ्या. डिझेलचा वास येत असेल किंवा पातळी भरल्यापेक्षा वाढलेली दिसली तर लगेच सांगा. ते थंड इंजिनाने असेल किंवा पंपाचं पुढचं सील गळत असेल. हे दुसरं निघालं तर मात्र पंप उतरवावा लागेल, तिथे मी कंजुषी करू देणार नाही.

नवा थर्मोस्टॅट आणलात की बसवण्याआधी घरीच तपासा. वहिनींना विचारून एक जुनं पातेलं घ्या, पाण्यात तो दोऱ्याने लटकता ठेवा. तळाला टेकू देऊ नका, तळ जास्त तापतो. सोबत थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याला पोचता पोचता मधली चकती उचलायला लागली पाहिजे, आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. दुकानातला नवाही कधी कधी अडकलेला निघतो, म्हणून हा खटाटोप.

मग मूळ दुखणं राहतंच, घाटात गाडी गरम का व्हायची? रेडिएटर बाहेरून बघा. काळ्या मातीची धूळ, गव्हाच्या हंगामातला भुसा, किडे आणि तुमच्या बाबतीत मिरचीची भुकटी, सगळं त्या बारीक पापुद्र्यांत जाऊन बसतं. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारायचं, हलक्या दाबाने. जोराचा पंप लावला तर पापुद्रे लोळतात. फॅन बेल्ट ढिला असेल तर ताणा. फॅनला व्हिस्कस कपलिंग (गरजेप्रमाणे फॅनचा वेग कमी-जास्त करणारा जोड) असेल तर त्याच्याकडेही लक्ष द्या. ते जाम झालं असेल तर फॅन कायम पूर्ण वेगाने फिरतो, गाडी बोनेटमधून विमानासारखी घुमते आणि फुकट डिझेल खाते. ते सैल पडलं असेल तर फॅन आळसावतो आणि गाडी चढणीवर तापते. तुमचं दुसरं असावं असा माझा अंदाज आहे.

सांगाड्याचं थोडक्यात. सुकी मिरची हलकी, ती वजनापेक्षा जागा खाते, म्हणून तुम्हाला ओव्हरलोडचा धोका कमी आणि उंचीचा जास्त. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० वरून ७० वर गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. ती ताडपत्री फडफडत असेल तर आणखी. जाताना गाडी रिकामी असते, तेव्हा सांगाडा पाडता येईल असा बिजागरीचा करून घ्या, वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल. आणि भरल्या गाडीचा वेग ५० च्या आसपास ठेवा. पेट्रोलियम संवर्धनवाले ४५ ते ५५ सांगतात ते उगाच नाही. माल हलका असला तरी एकदा काट्यावर वजन करून घ्या. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर २०,००० रुपये दंड आणि वर दर टनाला २,०००. त्यात मिरचीचा सगळा नफा जाईल.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे अशी एक जागा : मागचे ब्रेक. सर्व्हिसिंगमध्ये मिस्त्री मागचे ड्रम उघडतो, साफ करतो आणि शूज जरा जास्तच ताणून बसवतो, म्हणजे पेडल वर येतं आणि मालक खूश. मग चाक सतत घासत राहतं. तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी रिकाम्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर, ब्रेक कमीत कमी लावत चालवा. थांबवताना हळू थांबवा. मग चारही चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजेल. चारही साधारण सारखी ऊब देत असतील तर ठीक. एखादं चाक वेगळं तापलं असेल तर ते जॅकवर घ्या. बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, गियर आणि हँडब्रेक सोडा, आणि हाताने फिरवा. मागचं चाक डिफरन्शियलमुळे थोडं जड फिरतं, तेवढं चालेल. खरखर करत लगेच थांबत असेल तर शूज ताणलेले आहेत, व्हील सिलिंडर अडकलाय किंवा हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाहीये. व्हील बेअरिंग जास्त कसलं असलं तरी हब असाच तापतो.

नवे टायर टाकले तेव्हा अलाइनमेंट केली होती का? पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोचरं लागलं तर चाकं तिरकी चालताहेत आणि गाडी टायर रस्त्यावर घासत ओढते आहे.

आता ड्रायव्हर. तुमच्या भावाला सांगा, माणसावर संशय घेण्याआधी तांब्याच्या वॉशरवर घ्यावा. फिल्टर बदलताना बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुनेच वॉशर परत वापरतात, तिथून थेंब थेंब गळतं आणि गरम इंजिनावर सुकून जातं, खाली डाग पडत नाही. नोझलवरचे रिटर्नचे बारीक पाइपही पंधरा वर्षांत कडक होऊन तडकतात. एक कोरडा पांढरा फडका घ्या, टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून नोझलपर्यंत प्रत्येक जोडावर फिरवा. फडका ओला झाला तर चोर सापडला.

आणि ॲव्हरेज काढता कसं? डॅशबोर्डच्या काट्यावर किंवा पाचशे रुपयांचं टाकून काढत असाल तर तो हिशेब सोडून द्या. टाकी फुल करायची, पेट्रोलपंपाची नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत. नंतर दाबून दाबून भरायचं नाही. किलोमीटर लिहायचे. तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी तशीच सपाट उभी करून परत फुल. पडलेल्या लिटरने किलोमीटरला भागायचं, तुमच्या टायरसाठी वर चार टक्के वाढवायचे. असं तीनदा तरी करा, एका आकड्यावर काही ठरवू नका. बेडियाच्या फेऱ्या आणि गावातल्या फेऱ्या मिसळू नका. पंपावरच्या मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं सरकारी माप मागा, ते दाखवणं त्यांना भाग आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने माफ आहे. पहाटे थंड डिझेल भरलं की जास्त मिळतं असं म्हणतात, त्याच्या नादी लागू नका. टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपार फारशी होत नाही.

हा हिशेब ड्रायव्हरकडूनच लिहून घ्या. वही त्याच्याच हातात द्या. वडिलांच्या वेळचा माणूस आहे, गाडीचं दुखणं त्याला तुमच्या मिस्त्रीपेक्षा जास्त माहीत असेल. मला तर त्याचंच पत्र आलं असतं तर आवडलं असतं.

एवढं सगळं होऊनही दहाच्या खालीच राहिलं तर पंपाकडे वळा, पण तेही बघून. भरल्या गाडीने चढणीवर तिसऱ्या गियरमध्ये जोर लावा आणि कुणाला तरी मागे बसवून धूर बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. टर्बोच्या रबरी पाइपांना साबणाचं पाणी लावा, इंजिनाचा वेग वाढवला की चिरेतून बुडबुडे येतील. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर म्हणजे डिझेल जळत नाहीये, टायमिंग (डिझेल आत सोडण्याची वेळ) मागे पडलंय किंवा नोझल थेंब टाकतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, त्याला पंपवाला काहीच करू शकत नाही. आणि इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी पुढे सरकत नाही, वर जळका वास, असं असेल तर क्लच गेलाय. क्लच घसरणाऱ्या गाडीचा पंप बांधून देणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, नावं घेत नाही.

पंपावर शिशाचं सील असतं, डिझेलच्या स्क्रूला. ते तुटलेलं दिसलं तर कुणीतरी कधीतरी ओढ वाढवायला डिझेल वाढवून ठेवलंय, तेवढं परत बेंचवर बसवून घ्यावं लागेल. सील शाबूत आणि धूर स्वच्छ असेल तर पंपाला हात लावू देऊ नका. नोझल आधी नुसते काढून तपासून घ्या. टेस्टरवर हँडल मारलं की चांगलं नोझल चिरचिर आवाज करत धुक्यासारखी फवारणी करतं आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझल पिचकारी मारतं, टोकाला थेंब लोंबतो. हे तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगा, पण हात त्या फवाऱ्यापासून लांब ठेवा. तो कातडी फोडून आत जातो आणि मग थेट हॉस्पिटल.

प्रश्न : ताई, डिझेलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट मिळतं, त्याने वीस टक्के ॲव्हरेज वाढतं म्हणतात. माझ्या छोट्या मालवाहू गाडीला लावू का? आणि डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल टाकल्याने फायदा होतो का?
— एक वाचक, महू

उत्तर : मॅग्नेट लावू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर उपकरणं तपासली, बहुतेकांतून काहीही निघालं नाही. लोहचुंबकाला डिझेल ओळखत नाही, त्यात ओढण्यासारखं काही नसतंच. लावल्यावर वाढल्यासारखं वाटतं, कारण पैसे खर्च केलेला माणूस पुढचे काही दिवस पाय जपून दाबतो.

टू-स्ट्रोक ऑइलचं असं आहे की डिझेलमधलं गंधक कमी होत गेलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं मिळतं, त्याआधी ५० चं होतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुणही जातो, म्हणून जुन्या पंपांची लोकांना काळजी वाटते. पण रिफायनरीतच वंगणासाठी लागतं ते मिसळून येतं. वरून ऑइल टाकायची गरज नाही. जुन्या पंपाचे सील नव्या डिझेलने आक्रसून गळायला लागल्याचं मात्र मी बघते, त्यावर उपाय नवी सील किट. बाटलीतून तो मिळत नाही.

प्रश्न : माझी पिकअप २०१६ ची, बीएस-४, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ती). वर्षभरात ॲव्हरेज हळूहळू उतरलं, सकाळी स्टार्ट व्हायलाही वेळ लागतो, जोर लावला की काळा धूर. एकाने ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कायमचा बंद करायला सांगितलं. करू का?
— दूधवाले वाचक, देवास

उत्तर : नको. ईजीआर बंद करणं म्हणजे प्रदूषणाच्या यंत्रणेशी छेडछाड. तुमच्या गाडीला आठ वर्षं होऊन गेली, म्हणजे पासिंग आता दरवर्षी. कशाला नसता व्याप मागे लावून घेता? तो काढून साफ करा. उघडा अडकला असेल तर जळका धूर हवेबरोबर परत आत जातो, हवा कमी पडते, आणि काळा धूर त्याचाच. त्याच बैठकीत इनटेक मॅनिफोल्डमध्येही (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत) बोट घालून बघा. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर बसलेला असतो, वाट अर्धी होते.

पण स्टार्टला वेळ लागतो म्हणता, म्हणून मला इंजेक्टरची शंका आहे. मसालेवाल्या दादांना सांगितलं ते टायर, ब्रेक, थर्मोस्टॅट सगळं तुम्हालाही लागू, फक्त तुमच्या गाडीला पंपाच्या आधी स्कॅनर लावायचा. कूलंटचा सेन्सर गाडी थंड आहे असं खोटं सांगत असेल तर कॉम्प्युटर डिझेल वाढवत राहतो. तापलेल्या इंजिनात स्क्रीनवर चाळीस-पन्नास अंश दिसले तर एकतर तो सेन्सर गेलाय किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

सेन्सर बरोबर असेल तर इंजेक्टरचा रिटर्न मोजायला सांगा. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं स्लोवर चालवतात. जो इंजेक्टर आतून झिजला आहे त्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते. तेवढं डिझेल रेलचा दाब न बनवता टाकीकडे परत जातं, म्हणून सकाळी दाब तयार व्हायला वेळ लागतो. बाटल्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकच जास्त भरली असेल तर एकच इंजेक्टर करा. चारही बदला असं कुणी म्हणालं तर तो फोटो समोर धरायचा. नवा किंवा बांधलेला इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये टाकला का, एवढं विचारून मगच पैसे द्या. काही मिस्त्री ते टाळतात आणि गाडी नव्या इंजेक्टरवरही थरथरत चालते.